औषधदान आणि रुग्णप्रबोधन : एक दुर्लक्षित कर्तव्य

आपल्या व्यवसायातील सर्वांत घाईचा क्षण कोणता, असे कोणी विचारल्यास औषध रुग्णाच्या हाती देण्याचा, असेच उत्तर प्रामाणिकपणे द्यावे लागेल. नाडी पाहणे, जिव्हापरीक्षण करणे, कोष्ठ, निद्रा आणि क्षुधा यांची चौकशी करणे यांसाठी आपण वेळ काढतो व तो काढलाच पाहिजे. मात्र पंधरा दिवसांच्या पुड्या, काढ्याची बाटली आणि घृताची डबी रुग्णाच्या पिशवीत जाताना "सकाळ-संध्याकाळ घ्या, पंधरा दिवसांनी या" एवढ्या दोन वाक्यांत सारे आटोपते. तोवर पुढचा रुग्ण आत येऊन बसलेला असतो. औषधविक्रेत्यांच्या दुकानात तर हीही दोन वाक्ये उच्चारली जात नाहीत. निदान कितीही अचूक असो, त्याचे फळ रुग्णाच्या स्वयंपाकघरात ठरते आणि तेथे आपण नसतो. तेथे असतात ते आपण उच्चारलेले किंवा न उच्चारलेले शब्द.

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगताना वैद्य, द्रव्य आणि परिचारक यांच्या बरोबरीने रुग्णालाही एक पाद मानले आणि त्याचेही गुण सांगितले. स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि स्वतःच्या व्याधीविषयी नीट सांगता येणे हे ते चार गुण होत. हा भाग आपण सर्वांनी पहिल्या वर्षी पाठ केला. पुढे मात्र त्याचा उपयोग बहुधा रुग्णास दोष देण्यासाठीच झाला. गुण आला नाही की "पेशंट पथ्य पाळत नाही" असे म्हणावयाचे, हा त्यातलाच प्रकार. आमच्या मते या चार गुणांपैकी निदान तीन गुण वैद्याच्या वागण्यावर अवलंबून आहेत. जे सांगितलेच नाही ते रुग्णाने लक्षात कसे ठेवावे? जी सूचना समजली नाही ती त्याने पाळावी कशी? आणि ज्याला कधी विचारलेच नाही, तो आपण दुसरीकडची कोणती औषधे घेतो हे आपणहून कसे सांगणार?

आपल्या चिठ्ठीची भाषा पाहावी. महाराष्ट्रातील कित्येक वैद्य आजही "अपानकाळी", "व्यानोदानकाळी", "रसायनकाळी" असे लिहितात. औषधसेवनकालाचा विचार हे आपल्या शास्त्राचे वैभव आहे. शार्ङ्गधरांनी पाच आणि वाग्भटांनी अष्टांगहृदयात दहा काल सांगितले, ते औषधाचे कार्य कोठे व्हावे याचा सूक्ष्म विचार करूनच. परंतु तो विचार वैद्याच्या मनात असावा. चिठ्ठीवर "जेवणाच्या लगेच आधी" असेच लिहिले पाहिजे. गावाकडून आलेल्या गृहस्थांना "व्यानोदान" हे औषधाचेच नाव वाटले तर त्यात त्यांचा काय अपराध? मात्रेचेही तसेच. "चिमूटभर", "एक चमचा", "अर्धे टोपण" ही मापे घराघरांत निरनिराळी असतात. पोह्याचा चमचा आणि चहाचा चमचा यांतील अंतर आसव-अरिष्टाच्या बाबतीत एकवेळ खपून जाईल, वत्सनाभयुक्त कल्पाच्या बाबतीत ते खपणार नाही.

येथपर्यंतचा मुद्दा आपल्याच औषधांपुरता झाला. खरी चिंता पुढेच आहे. आपल्याकडे येणारा आजचा रुग्ण क्वचितच केवळ आपला असतो. त्याच्या पिशवीत मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या किंवा फिटच्या गोळ्या असतात. महाराष्ट्रात आपल्यापैकी अनेक जण स्वतः दोन्ही प्रकारची औषधे लिहितात. तरीही रुग्णाच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींशी बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारा टाळता येण्याजोगा अपाय कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तेव्हा एकाच वेळी अनेक औषधे घेणे आणि एका उपचारकाकडून दुसऱ्याकडे जाणे या दोन परिस्थिती विशेष जोखमीच्या मानल्या. आपल्या रुग्णाच्या बाबतीत त्या दोन्ही एकत्र येतात.

याचे एक उदाहरण फार दूरचे नाही. मुंबईतील संशोधकांनी १९९२ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. अपस्मारासाठी फेनिटॉइन घेणारे दोन रुग्ण त्याच काळात शंखपुष्पीचा एक आयुर्वेदीय कल्प घेत होते आणि आटोक्यात असलेले त्यांचे झटके पुन्हा येऊ लागले होते. पुढे उंदरांवर प्रयोग केला असता, हा कल्प काही दिवस सलग दिल्यावर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण आणि त्याचा झटके रोखण्याचा परिणाम हे दोन्ही घटलेले आढळले. याच प्रयोगात त्या कल्पाचा स्वतःचाही काही प्रमाणात झटके रोखणारा परिणाम दिसला होता, ही गोष्ट आपल्या बांधवांनी अवश्य लक्षात घ्यावी. म्हणजे शंखपुष्पी निरुपयोगी ठरली नाही, फेनिटॉइनही निरुपयोगी ठरले नाही. बिघाड झाला तो दोन्ही एकत्र घेतल्याने आणि एकत्र घेतली जात आहेत हे वेळीच कोणी न विचारल्याने. शंखपुष्पीचे सिरप आजही परीक्षेच्या दिवसांत दुकानात सहज मागितले जाते. त्या वेळी मुलाला फिटची गोळी चालू आहे का, असा प्रश्न किती दुकानांत विचारला जातो?

उलट दिशेचेही उदाहरण आहे. पिप्पली आणि मरिच यांतील पायपेरीन हा घटक फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढवतो, असे स्वयंसेवकांवरील अभ्यासांत दिसले आहे. त्रिकटूला आपण दीपन-पाचन म्हणतो आणि इतर औषधांचा गुण वाढावा म्हणूनही योजतो, हे त्याच्याशी सुसंगतच आहे. परंतु ज्याची मात्रा काटेकोरपणे ठरवलेली असते अशा औषधाचा गुण न सांगता वाढणे, हा रुग्णाच्या दृष्टीने अपाय असू शकतो. गुग्गुळापासून काढलेल्या गुगुलिपिडमुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम यांचे शोषण कमी होते, असा अभ्यासही १९९४ साली आपल्याच देशात प्रसिद्ध झाला. तो अर्क होता आणि आपण देतो तो शोधित गुग्गुळाचा कल्प असतो, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तेवढ्यावरून हृदयरोग्यास गुग्गुळकल्प देताना त्याच्या इतर गोळ्या विचारण्याची गरज नाहीशी होत नाही.

ज्येष्ठमधाचे तर सर्वज्ञात आहे. त्यातील ग्लिसिरायझिन दीर्घकाळ व अधिक मात्रेत पोटात गेल्यास शरीरातील पोटॅशियम घटते, पाणी साचते आणि रक्तदाब वाढतो. मूत्रल गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीत पोटॅशियम आधीच कमी असू शकते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल तर ते अधिकच विषारी ठरते. अम्लपित्तासाठी महिनोन्‌महिने यष्टिमधु चूर्ण घेणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांची संख्या मोठी आहे आणि त्यांतील बहुतेकांच्या मनात "झाडपाल्याचे औषध, त्याने काय होणार" हीच समजूत असते. ही समजूत आपल्या जाहिरातींनी वाढवली, हे कटू असले तरी सत्य आहे. ज्या संहितेने नीट न जाणलेल्या औषधाला विष, शस्त्र आणि अग्नी यांच्या पंक्तीत बसवले, त्या संहितेचे वारस "पूर्णतः निर्धोक" असे छापत सुटतात, याचा विषाद वाटतो.

थायरॉइडच्या गोळीविषयी एक व्यवहाराची सूचना येथेच करतो. लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यावयाचे असते आणि कॅल्शियम किंवा लोह त्याच्यासोबत पोटात गेल्यास त्याचे शोषण कमी होते. प्रवाळ आणि शंख भस्मात मुख्यत्वे कॅल्शियमच असते, मंडूर व लोह भस्माचे तर नावच बोलके आहे. तेव्हा ही गोळी घेणाऱ्या भगिनीस असे कल्प देताना दोहोंत किमान चार तासांचे अंतर ठेवावयास सांगावे. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही, एका वाक्याने काम होते.

आता जो मुद्दा आम्हांस सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुतेक वेळा "त्या गोळ्या सुटाव्यात" या आशेने. ही आशा तो बोलून दाखवतोच असे नाही. आपण औषध देतो आणि आधीच्या गोळ्यांविषयी काही बोलत नाही, तेव्हा ते मौन तो परवानगी समजतो. दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन बंद, प्रेडनिसोलोन बंद, फिटची गोळी बंद. दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड एकाएकी थांबवल्यास अधिवृक्क ग्रंथी तत्काळ साथ देत नाहीत आणि प्राणावर बेतू शकते. बालवयापासून मधुमेह असलेल्या रुग्णाचे इन्सुलिन थांबले तर दोन-चार दिवसांत अतिदक्षता विभाग गाठावा लागतो. वैद्याने "इन्सुलिन बंद करा" असे म्हटलेले नसते, पण "बंद करू नका" असेही म्हटलेले नसते. आमवाताच्या रुग्णाचेही पाहावे. त्याच्याकडील मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतली गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या पुड्या रोज दोन वेळा आणि ती गोळी आठवड्यातून एकदा, असा घोळ वृद्ध रुग्णाच्या मनात होऊ शकतो. ती गोळी आपण लिहिलेली नाही हे खरे, परंतु आपल्यासमोर बसलेल्या रुग्णास तिचा वार विचारण्यास कोणाची हरकत आहे?

औषधविक्रेत्या बांधवांकडे वळू. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ मधील नियम १६१ नुसार, परिशिष्ट ई (१) मधील विषारी द्रव्यांनी युक्त असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याचा इशारा ठळकपणे छापावा लागतो, आणि तो इंग्रजी व हिंदी या दोन भाषांत. मराठीचा त्यात उल्लेख नाही. वत्सनाभ आणि धत्तूर असलेला सूतशेखर आपल्याकडे आम्लपित्तासाठी घरोघरी ठेवला जातो. त्याच्या डबीवरील बारीक अक्षरांतील ही सूचना घेणाऱ्यापैकी किती जण वाचतात, याचा अंदाज विक्रेत्यांना आमच्याहून अधिक असेल. नियमात नसली तरी दुकानदाराने मराठीत एक चिकटपट्टी लावण्यास कोणाचीही मनाई नाही.

नामसादृश्याचा धोकाही दुकानातच असतो. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ यांत कानाला एका "महा" शब्दाचा फरक जाणवतो, द्रव्यांत मात्र नाग, वंग, रौप्य, लोह आदी भस्मांचा आणि रससिंदुराचा फरक आहे. गर्भवतीस वा वृक्कविकाराच्या रुग्णास एकाऐवजी दुसरा दिला गेला तर ती केवळ बिलातील चूक राहत नाही. कामदुधा साधी की मौक्तिकयुक्त, लघुमालिनी वसंत की सुवर्णमालिनी वसंत, हे प्रश्न तर पैशाशीही निगडित आहेत, म्हणून ते विचारले जातात. योगराजाच्या बाबतीत विचारण्याची तीच सवय लागावयास हवी.

आणि आता नामरहित पुडी. आपल्यातील अनेकांना हे आवडणार नाही याची जाणीव ठेवून आम्ही लिहीत आहोत. पुडीवर कल्पाचे नाव न लिहिण्याची प्रथा जुनी आहे आणि तिची कारणेही आपण जाणतो. योग गुप्त राहावा, रुग्णाने पुढच्या वेळी परस्पर दुकानातून आणू नये, दुसऱ्या वैद्याने चिठ्ठीची नक्कल करू नये, ही ती कारणे. यातील व्यवसायाची चिंता खोटी नाही. लहान गावातील वैद्याचे घर पुड्यांवर चालते. पण रात्री दोन वाजता तोच रुग्ण उलट्या होऊन रुग्णालयात दाखल होतो, तेथील डॉक्टर "काय घेतले होते?" असे विचारतात आणि नातेवाईक पांढऱ्या कागदातली राखाडी पूड पुढे करतात, त्या क्षणी त्या गुप्ततेची किंमत रुग्ण मोजतो. शिवाय संशयाचा लाभ त्या पुडीला कधीच मिळत नाही. कारण दुसरेच असले तरी नाव आयुर्वेदाचे होते.

गुळवेलीच्या वादात हेच घडले. करोना साथीच्या काळात, २०२० च्या अखेरीस, मुंबईत सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे वृत्त २०२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आले आणि त्याचा संबंध त्यांनी घेतलेल्या गुळवेलीशी जोडला गेला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती याची खातरजमा झालेली नाही. पुढे २०२२ साली मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया आणि तिच्याशी साम्य असलेली टिनोस्पोरा क्रिस्पा यांतील भेद स्पष्ट करणारे निवेदनही प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले. आमचा प्रश्न साधा आहे. त्या काळात लोक कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या मात्रेत, कोठून आणलेली आणि किती दिवस गुळवेल घेत होते, याची लेखी नोंद कोणाजवळ तरी होती काय? ती असती तर वाद सहा रुग्णांच्या कागदपत्रांवरच मिटला असता, बाजू कोणतीही खरी ठरो. नोंद नसल्यामुळे जे गुळवेल योग्य रीतीने देतात तेही संशयाच्या धुक्यात सापडले.

दुष्परिणाम नोंदवण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही, असे आता म्हणता येणार नाही. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी औषधसतर्कतेचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८ साली जामनगर येथून सुरू झाला. नंतरच्या केंद्रीय योजनेत नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे राष्ट्रीय समन्वयाचे काम आले. संशयित अपायाची माहिती कळवणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, ही भीती मनातून काढली पाहिजे. आपणच कळवले नाही तर आपल्या औषधांविषयी दुसरे लिहितील आणि त्यांना आपले शास्त्र ठाऊक असेलच असे नाही.

रुग्णास शिकवावे कसे, याबाबत परिचारिकांकडून शिकण्यासारखे बरेच आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी तपासल्याशिवाय औषध द्यावयाचे नाही, हे त्यांना प्रशिक्षणातच शिकवले जाते. त्याखेरीज सांगितलेली गोष्ट रुग्णाकडून परत वदवून घेण्याची एक पद्धत आहे, जिला टीच-बॅक म्हणतात. "समजले का?" असे विचारले की आपला रुग्ण मान डोलावतो. वैद्यांसमोर "नाही समजले" म्हणणे त्याला अवघड वाटते. त्याऐवजी असे म्हणून पाहावे : "मावशी, मी नीट सांगितले की नाही ते मला बघायचे आहे. घरी सूनबाईंनी विचारले तर ही पुडी केव्हा आणि कशातून घ्यायची म्हणून सांगाल?" परीक्षा रुग्णाची न राहता आपल्या सांगण्याची होते. मावशी "जेवण झाल्यावर, मधातून" म्हणाल्या आणि आपण जेवणाआधी तुपातून सांगितले होते, असे पहिल्याच दिवशी निदर्शनास येईल. त्यांना मधुमेह असून घरातले मध संपल्यावर त्या गुळातून पुडी घेत होत्या, हेही कदाचित त्याच वेळी कळेल.

वेळ नाही, हा आक्षेप येणारच. चाळीस रुग्णांच्या दवाखान्यात प्रत्येकी दोन मिनिटे म्हणजे ऐंशी मिनिटे, हा हिशेब आम्हांसही करता येतो. म्हणून हे काम वैद्यानेच केले पाहिजे असा आमचा आग्रह नाही. पुड्या बांधणारा मदतनीस, दवाखान्यातील परिचारिका किंवा दुकानातील अनुभवी कर्मचारी यांस आठवडाभर शिकवले तर ते उत्तम रीतीने करू शकतात. शास्त्राने परिचारकाला चिकित्सेचा पाद मानले आणि उपचारांचे ज्ञान हा त्याचा पहिला गुण सांगितला, तो याच कामासाठी. रुग्ण घाबरतील, हा दुसरा आक्षेप. आमचे निरीक्षण याच्या उलट आहे. जो वैद्य "या औषधाने तोंड कोरडे पडले, छातीत धडधडले किंवा अंगावर पुरळ उठले तर थांबवा आणि मला फोन करा" असे सांगतो, त्याच्यावर रुग्णाचा विश्वास वाढतो. निर्भयता हा रुग्णाचा गुण चरकांनी सांगितला, तो अज्ञानातून येणाऱ्या निर्भयतेसाठी खचितच नसावा.

संघटनेच्या कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, येत्या वार्षिक सभेत एका साध्या छापील मराठी चिठ्ठीचा नमुना मांडावा. तीवर कल्पाचे नाव, मात्रा, अनुपान आणि वेळ रोजच्या बोलीत असावी. रुग्ण घेत असलेली इतर औषधे लिहिण्यास मोकळी जागा असावी आणि तिच्या खाली "वैद्यांना विचारल्याशिवाय यांपैकी कोणतेही औषध बंद करू नये" हे वाक्य ठळक अक्षरांत असावे. रुग्णाने हीच चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवावी, असे त्यास सांगावे. छपाईचा खर्च नको असेल त्यांनी रबरी शिक्का करून घ्यावा. वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी सकाळच्या पुडीवर सूर्य आणि रात्रीच्या पुडीवर चंद्रकोर काढावी, किंवा दोन रंगांचे कागद वापरावेत. काही औषधालयांत ही युक्ती पूर्वीपासून चालत आलेली आहे. ज्या सभासदांकडे अशा रीती रूढ असतील त्यांनी त्यांचे नमुने संपादकांकडे पाठवावेत, म्हणजे ते सभेपुढे ठेवता येतील.